'शन'ची शेपटी

रविवारचा दुसरा चहा झाला, वर्तमानपत्राची पानं घरभर वाटली गेली, की एक खेळ खेळून पाहा. कागद-पेन्सिल लागत नाही. ज्या इंग्रजी शब्दांच्या शेवटी 'शन' ऐकू येतं, असे शब्द घरातल्या प्रत्येकानं आळीपाळीनं सांगायचे. अट एकच : शब्द आपल्या घरात, गल्लीत किंवा गावात खरोखर बोलला जाणारा हवा. शाळेतली पोरं सुरुवातीला आघाडीवर असतात. एज्युकेशन, सोल्यूशन, मल्टिप्लिकेशन. मग कॉलेजवाले ॲडमिशन, डोनेशन आणि रिलेशन आणतात. पण माझा अनुभव असा, की शेवटपर्यंत टिकते ती आजी. स्टेशन, रेशन, पेन्शन, इंजेक्शन, ऑपरेशन, इलेक्शन, टेन्शन, कनेक्शन, कमिशन, परमिशन, लोशन... इंग्रजीचं एक अक्षर न शिकलेली बाई श्वास न घेता डझनभर शब्द सांगून मोकळी होते. मध्येच 'दर्शन' आणि 'अनशन'ही घुसवते. ते पंचांनी बाद करायचे, कारण ते आपलेच आहेत.

इंग्रजी लिपीत या शेपटीची अक्षरं चार : टी, आय, ओ, एन. पेन्शन, कमिशन, परमिशन यांत टीची जागा एस घेतो, पण कानाला त्याचं सोयरसुतक नाही. एका आश्रमशाळेत पाहुणा म्हणून गेलो असताना पाचवीतल्या एका मुलानं मला विचारलं होतं, की टीचा उच्चार 'ट' शिकवता, मग इथं 'टिऑन' का नाही म्हणायचं? प्रश्न अगदी रास्त. मूळ लॅटिनमध्ये तो उच्चार 'टिओ' असाच होता. फ्रेंचांच्या तोंडी त्याचा 'सिओन' झाला आणि १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांच्या मागोमाग असे शब्द इंग्लंडात उतरू लागले. चौदाव्या शतकात, चॉसर या कवीच्या काळी, 'नेशन'चा उच्चार 'ना-सि-ऊन' असा तीन तुकड्यांत होई. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत 'सि' आणि 'ऊ' एकमेकांत विरघळले आणि 'श' तयार झाला. लिहिणाऱ्यांची तऱ्हा उलटी. चॉसरच्या वेळी हे शब्द बहुधा सी या अक्षरानं लिहीत. नंतरच्या विद्वानांनी लॅटिन पोथ्या पाहून त्यात पुन्हा टी बसवला. बोलणारे पुढं निघून गेले आणि लिहिणारे मुद्दाम मागं वळले, म्हणून त्या पाचवीतल्या मुलाला आज घोकंपट्टी करावी लागते. ब्रिटिश फौजेतल्या सार्जंटनं तर कमालच केली. 'अटेन्शन'चं सगळं धड कापून टाकून त्यानं कवायतीला ओरडण्यापुरती 'शन!' एवढी शेपटीच ठेवली.

अपवाद आहेतच. 'क्वेश्चन'मध्ये हीच चार अक्षरं 'चन' होतात आणि 'इक्वेशन' म्हणताना इंग्रज माणूस 'झन' म्हणतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकात एक शब्द आहे. सी, ए आणि पुढं तीच चार अक्षरं. त्याचा उच्चार मात्र 'कॅटायन'. विजेच्या प्रयोगांसाठी मायकेल फॅरेडे यांनी १८३४ मध्ये तो चलनात आणला. तो ग्रीक घराण्यातला, त्यामुळं लॅटिन गोतावळ्याचे नियम त्याला लागू नाहीत.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट इंग्लंडातली नाही, सातपुड्यातली आहे.

मी बँकेत होतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं, ऐंशीच्या दशकाची अखेर, तापीपलीकडं डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका शाखेत गेली. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके. बाजाराच्या दिवशी आमच्या काउंटरवर भिली, पावरी, वसावी, अहिराणी, गुजरी, गुजराती आणि आमची सरकारी मराठी अशा सगळ्या भाषा एकदम ऐकू येत. एकाचं दुसऱ्याला धड कळत नसे, आणि कळत नसलं तरी कुणाचं अडत नसे. या सगळ्या भाषांत अधूनमधून एखादा 'शन'वाला शब्द पुलाच्या खांबासारखा उभा दिसे आणि त्याच्या आधारानं संभाषण पलीकडं जाई. हे शब्द या डोंगरात कसे आले, कोणते रुजले आणि कोणते फायलीतच राहिले, हे ऐकत बसण्याचा नाद मला तिथं लागला. कादंबऱ्या नंतर लिहिल्या. कान तिथं तयार झाला.

स्टेशनपासून सुरुवात करू. नवापूरचं रेल्वे स्टेशन वाचकांनी निदान छायाचित्रात तरी पाहिलं असेल. महाराष्ट्र आणि गुजरात यांची हद्द त्या स्टेशनातूनच जाते. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकावर मधोमध हद्दीची रेघ आहे, तिथं नवरा एका राज्यात आणि बायको दुसऱ्या राज्यात बसवून लोक फोटो काढतात. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा जमीन वाटली गेली, माणसं वाटली गेली, पण स्टेशनाची वाटणी कुणाला जमली नाही. तिथं मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत गाड्यांची घोषणा होते आणि 'स्टेशन' हा शब्द चारही भाषांत तसाच असतो.

रेल्वे मात्र तापीच्या दक्षिणेनं जाते. शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या चार तालुक्यांत रूळ नाहीत. तरीही 'ठेसन' हा शब्द तिथं घरोघर. पुण्याहून नव्यानं आलेल्या आमच्या एका सहकाऱ्याला एक खातेदार सांगत होता, की काल ठेसनात गेलो म्हणून हप्ता भरायला आलो नाही. सहकाऱ्यानं आपुलकीनं विचारलं, "कुठल्या गाडीनं गेला होतात?" खातेदार गोंधळला. त्याला नेलं होतं पोलिसांच्या गाडीनं. तापीपलीकडं ठेसन म्हणजे पोलीस ठेसन. शहरातला माणूस स्टेशन म्हटल्यावर प्रवासाला निघतो आणि डोंगरातला माणूस त्याच शब्दाला दचकतो. याच डोंगरात अक्राणी तालुक्यात तोरणमाळ आहे. पर्यटकांच्या माहितीपत्रकात त्याला 'हिल स्टेशन' म्हणतात. तिथल्या पाड्यांवर मात्र कुणी ठेसनात राहत नाही.

पोलीस स्टेशनाला सरकारी मराठीत 'पोलीस ठाणे' म्हणतात. ठाणे हा शब्द संस्कृत 'स्थान'वरून आला. आणि स्टेशन? लॅटिन 'स्टाटिओ'वरून, म्हणजे उभं राहण्याची जागा, पहाऱ्याची चौकी. दोघांच्याही पोटात एकच जुना धातू आहे, आपला 'स्था'. हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या वाटांनी गेलेले दोन चुलत भाऊ सातपुड्यात एकाच इमारतीवर पाटी होऊन आले, एक मराठी पाटीवर, एक इंग्रजी पाटीवर.

हे नातं धातूपाशी थांबत नाही, शेपटीपर्यंत जातं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळाच्या असाव्यात, असं सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडलं, ते आपण शाळेत वाचलेलं असतं. पण त्याचा घरगुती पुरावा आपल्या रोजच्या बोलण्यात पडलेला आहे. संस्कृत व्याकरणात 'क्तिन्' नावाचा एक प्रत्यय आहे. धातूला तो लागला की शेवटी 'ति' उरतो. स्थापासून स्थिति, मन्‌पासून मति, गम्‌पासून गति, जन्‌पासून जाति. लॅटिनचा 'टिओ' हा याच 'ति'चा भाऊबंद. त्यामुळं स्टेशन म्हणजे स्थितीच. मेन्शन म्हणजे आपली मति. 'कन्व्हेन्शन'मधला 'व्हेन्शन' हा आपल्या गतीच्या घरचा; कन् म्हणजे एकत्र, तेव्हा कन्व्हेन्शनला शब्दशः 'संगति' म्हणायला हरकत नाही. आणि नेशन? जन्म या अर्थाच्या धातूला हीच शेपटी लागून तिकडं 'नाटिओ' झालं आणि इकडं 'जाति'. एकच धातू, एकच प्रत्यय. तिकडं त्याचा अर्थ राष्ट्र असा पसरला, इकडं तो जातीच्या दाखल्यावर येऊन बसला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो होतो.

जाता जाता एक गंमत. संस्कृतातले 'ति'वाले शब्द स्त्रीलिंगी, लॅटिनमधले 'टिओ'वालेही स्त्रीलिंगी. मराठीत आल्यावर मात्र ते बहुतेक नपुंसक झाले : ते स्टेशन, ते इंजेक्शन, ते ऑपरेशन. पेन्शन 'मिळालं' की 'मिळाली' आणि इलेक्शन 'आलं' की 'आली', यावर घराघरांत मतभेद आहेत. ते मी सोडवायला जाणार नाही.

इलेक्शनचा विषय निघालाच आहे. बँकवाल्यांना इलेक्शन ड्यूटी चुकत नाही. मतदारसंघांच्या यादीत नंदुरबारचा मान पहिला आहे. लोकसभेचा महाराष्ट्रातला क्रमांक १ नंदुरबार आणि विधानसभेचा क्रमांक १ अक्कलकुवा. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ वेचून काढणं. आपली 'निवडणूक'ही तीच. सुपात तांदूळ घेऊन खडे निवडणारी बाई जे करते ते. इथं शब्दाला शब्द जसा जुळला, तसा पुढं फार कमी वेळा जुळलेला दिसला.

बँकेत तर 'शन'चीच शाळा भरे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम, ज्याला सगळे आय.आर.डी.पी. म्हणत, १९८० पासून देशभर लागू झाला आणि १९९९ पर्यंत चालला. गाय, म्हैस, शेळ्या, बैलजोडी यांच्यासाठी कर्ज आणि त्यावर सरकारी सबसिडी. एका म्हशीसाठी आधी ॲप्लिकेशन, मग इन्स्पेक्शन, मग रेकमेंडेशन, मग सँक्शन, मग डॉक्युमेंटेशन आणि शेवटी हायपोथिकेशन. म्हैस दावणीला येईपर्यंत सहा वेळा 'शन' म्हणावं लागे.

यातल्या ॲप्लिकेशनला लोक अर्जच म्हणत. इन्स्पेक्शन म्हणजे 'सायेब पाहून गेले'. रेकमेंडेशन त्यांना दिसतच नसे. पण सँक्शन त्यांनी उचलला आणि त्याचा 'शांक्शन' केला. मोलगीकडचे एक म्हातारे गृहस्थ बाजाराच्या दिवशी न चुकता येत, दाराशी उभे राहत आणि विचारत, "साहेब, शांक्शन आला का?"

"नाही बाबा, अजून नाही."

"कोणत्या गाडीनं येईल?"

त्यांच्या मनात शांक्शन हा कुणी मोठा साहेब होता. तो जिल्ह्याच्या ठिकाणाहून एस.टी.नं यायचा होता आणि दर आठवड्याला त्याची गाडी चुकत होती. कार्यालयीन दिरंगाईचं इतकं नेमकं वर्णन मला पुढच्या साऱ्या नोकरीत एकाही परिपत्रकात वाचायला मिळालं नाही.

बाबांची कल्पना अगदीच निराधार नव्हती. सँक्शनचं मूळ लॅटिनमधल्या 'पवित्र करणं' या क्रियापदात आहे. संत या अर्थाचा 'सेंट' त्याच्याच कुळातला. म्हणजे शब्द तसा मोठ्या घरचा. शिवाय तो दोन तोंडांनी बोलतो. कर्ज सँक्शन झालं म्हणजे मंजूर झालं, आणि एखाद्या देशावर सँक्शन लादले म्हणजे त्याच्या नाड्या आवळल्या. आमच्या खातेदारांना एकाच वेळी दोन्ही अर्थांचा प्रत्यय येत असावा. आपला 'मंजूर' मात्र साधा सरळ शब्द. तो 'नजर' ज्या अरबी धातूतून आला त्याच धातूतला. नजरेखालून गेलं ते मंजूर.

आणि या नजरेचा एक किस्सा आहे. हायपोथिकेशन म्हणजे वस्तू कर्जदाराकडंच राहते, पण कर्ज फिटेपर्यंत तिच्यावर बँकेचा हक्क असतो. मराठी कागदावर याला 'नजरगहाण' असा देखणा शब्द छापलेला असे. कागद वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, असा आमच्या शाखेत दंडक होता. एका आजीबाईंना मी तो वाचून दाखवला. 'नजरगहाण' ऐकताच त्यांनी कपाळाला हात लावला. म्हैस दुभती, आणि तिच्यावर बँकेची नजर! अंगठा दिला, पण नाराजीनं. पुढच्या खेपेला पाहणीला गेलो, तर म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा. बिल्ला कंपनीसाठी होता. म्हैस मेली तर तो दाखवल्याशिवाय विम्याचे पैसे मिळत नसत. बिब्बा आमच्यासाठी होता. म्हशीनं कर्ज फिटेपर्यंत दूध दिलं. श्रेय कुणाचं, हे फायलीत नोंदवण्याची सोय नव्हती.

रेशनचं तसं नाही. तो शब्द या डोंगरात इतका मुरला आहे, की पाड्यावरच्या पोराला तो इंग्रजी आहे हे सांगितलं तर पटत नाही. मुळात 'राशिओ' म्हणजे हिशेब, गणती. फौजेत प्रत्येक शिपायाला मोजून मिळणारा शिधा तो रेशन, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टंचाईमुळं तो शब्द आपल्याकडच्या शहरांतल्या घराघरांत शिरला. गंमत म्हणजे विवेक, तर्क या अर्थाचा 'रीझन' हाही त्याच लॅटिन शब्दाचं दुसरं रूप. फ्रेंचांच्या बोलण्यातून झिजत आल्यामुळं त्याची शेपटी गळाली. असे शेपटी गळालेले पुष्कळ आहेत. 'पोशन' म्हणजे पेय, त्याचाच झिजून 'पॉयझन' झाला. 'फॅक्शन'चा झिजून 'फॅशन' झाला. आणि आपला 'सीझन'? तो लॅटिनमधल्या 'साटिओ'वरून आला, आणि साटिओ म्हणजे पेरणी. नंदुरबारच्या मिरची बाजारात हिवाळ्यात जाऊन पाहा. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, वाऱ्यानं डोळे चुरचुरतात, आणि व्यापारी, हमाल, मिरची खुडणाऱ्या बाया सगळे 'शिझन'ची गोष्ट करत असतात. पेरणीचा शब्द कापणीच्या ढिगाऱ्यावर उभा असतो.

काही शब्दांना लोकांनी सरळ बाजूला सारलं. इंजेक्शन सगळ्यांना कळतं, पण दवाखान्यात मागायची ती 'सुई'. निराधार योजनेचं पेन्शन गावात 'पगार' म्हणून ओळखलं जातं. महिन्याला येतो तो पगार, मग त्यामागं काम असो वा नसो. व्हॅक्सिनेशनच्या मुळाशी गाय आहे. लॅटिनमध्ये गाईला 'वाक्का' म्हणतात, आणि एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईच्या देवीची लस माणसाला टोचली, म्हणून हे नाव पडलं. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, नर्मदेकाठच्या पाड्यांवर लस बोटीनं गेली. तिथंही शब्द पोचला तो 'लस' आणि 'सुई'. गाय लंडनच्या बाजूलाच राहिली.

आता ज्या शब्दांना लोकांनी ना उचललं ना बदललं, त्यांच्याकडं यायला हवं. 'प्लांटेशन' म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हिरवी रोपं येतात. डोंगरातल्या माणसाला आठवतात ते आपण कसत असलेल्या जमिनीत वनखात्यानं खणलेले खड्डे. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा सिद्ध केला तर आदिवासी कुटुंबाला कसत्या वनजमिनीवर हक्क मिळू शकतो. त्यानंतर गावागावांत नवा शब्द आला, 'दावा'. प्लांटेशनपेक्षा तो लवकर पाठ झाला.

आणि 'रिहॅबिलिटेशन'. हा शब्द मी पहिल्यांदा तापीपलीकडं ऐकला तो जिल्ह्याहून आलेल्या अधिकाऱ्यांच्या तोंडून. नर्मदा पाणीवाटप लवादाचा निवाडा १९७९ चा. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं येणार होती. जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन द्यायची, सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा, अशा अटी त्या निवाड्यात होत्या. मणिबेलीत पाणी शिरलं ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. तळोदा तालुक्यातली वनजमीन मोकळी करून सोमावळ, रोझवा अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. कोण मूळ गावठाणात नोंदलेलं, कोण नाही, कुणाच्या जमिनीचा सातबारा आहे, कुणाची नुसतीच वहिवाट, यावर वर्षानुवर्षं माणसं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढली. धरणाचे दरवाजे बंद होऊन १३८.६८ मीटर या पूर्ण उंचीचं लोकार्पण झालं ते १७ सप्टेंबर २०१७ रोजी. निवाड्यापासून अडतीस वर्षांनी.

मराठीत आपण याला 'पुनर्वसन' म्हणतो. शब्द चांगला आहे, पण त्यात फक्त पुन्हा वसणं आहे. मध्ययुगीन लॅटिनमधला मूळ शब्द वेगळं सांगतो. ज्याची पत, पद, हक्क काढून घेतले, त्याला ते परत बहाल करणं, त्याला पुन्हा समर्थ करणं, हा त्याचा अर्थ. भाषांतर करताना त्यातला हक्क गळाला आणि घर तेवढं राहिलं. भाषांतरकाराला दोष देण्यात अर्थ नाही. व्यवहारात जे होतं तेच त्यानं लिहिलं, असं म्हणायला जागा आहे. एवढ्या वर्षांत मी त्या वसाहतींतल्या एकाही माणसाच्या तोंडून हा शब्द तोडून-मोडून, आपलासा करून ऐकला नाही. स्टेशनचं ठेसन झालं, सँक्शनचं शांक्शन झालं, हा मात्र अधिकाऱ्यांच्या तोंडात जसा होता तसाच अखंड राहिला. जो शब्द हाती काही देतो त्यालाच लोक घासून-पुसून वापरात आणतात, असं माझं निरीक्षण आहे. ज्याला कुणी हातच लावला नाही, त्याच्या कडा शाबूत राहतात.

गेल्या पंधरा वर्षांत एक नवीन पीक आलं आहे : रजिस्ट्रेशन, व्हेरिफिकेशन, ऑथेंटिकेशन. या पिकाची पहिली पेरणीही याच जिल्ह्यात झाली, हे पुष्कळांच्या लक्षात नसेल. देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो २९ सप्टेंबर २०१० रोजी, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग त्यासाठी तिथं आले होते. त्या दिवशी गावातल्या लोकांना बारा आकडी नंबर मिळाला. तो कशासाठी लागणार, हे हळूहळू कळत गेलं.

माझ्या नोकरीच्या काळात अंगठा ही एक भरवशाची वस्तू होती. शाई लावायची, फॉर्मवर उमटवायचा, बाजूला साक्षीदाराची सही आणि 'डाव्या हाताचा अंगठा' असं लिहायचं. ओळख पटवायला समोर बसलेला माणूस असे. तो म्हणे, हे अमक्या पाड्याचे, मी यांना ओळखतो. आता रेशन दुकानातलं यंत्र ओळखतं, किंवा ओळखत नाही. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा; प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य. २०२३ पासून ते फुकट आहे. पण पोत्यातून पिशवीत येण्याआधी त्याला ऑथेंटिकेशनमधून जावं लागतं. अंगठ्यावरच्या रेषा कोयत्यानं, उसानं, धुण्या-सारवण्यानं झिजलेल्या असतात. डोंगरात नेटवर्क एका टेकडीवर असतं आणि दुकान दुसऱ्या टेकडीवर.

ऑथेंटिकेशन या शब्दाचंही मूळ ग्रीक आहे. अस्सल, स्वतःच्या अधिकाराचा, असा त्याचा अर्थ. मागल्या हिवाळ्यात शहाद्याजवळच्या एका दुकानाच्या रांगेशी मी बराच वेळ उभा होतो. दुकानदार चांगला माणूस होता, घाई करत नव्हता. एका बाईंनी तीन वेळा बोट टेकवलं आणि यंत्रानं तीन वेळा लाल अक्षरं दाखवली. दुकानदार म्हणाला, "मावशी, ऑथेंटिकेशन फेल." मावशींनी मागं वळून रांगेतल्या दुसऱ्या बाईला त्याचं अहिराणी करून सांगितलं, "अंगठा नही लागना." मग त्यांनी तो पदराला पुसला, तोंडाची वाफ दिली आणि चौथ्यांदा यंत्रावर टेकवला.